आबे फारिया : निद्रेचे रहस्य शोधणारा गोमंतकीय

वक्तृत्वस्पर्धेचा दिवस हा शाळेतील मोठ्या कसोटीचा दिवस असतो. आठ दिवस आरशासमोर उभे राहून घोकलेले भाषण, घरी आईसमोर न अडखळता म्हणून दाखविलेले भाषण, व्यासपीठावर पाऊल ठेवताच कोठे नाहीसे होते ते कळत नाही. समोर दोनतीनशे डोळे रोखलेले दिसतात. जीभ टाळूला चिकटते, छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो आणि पहिल्या वाक्यापुढे गाडी सरकत नाही. परीक्षकाच्या खुर्चीवर बसून आम्ही हे दृश्य दरवर्षी पाहतो, आणि दरवर्षी आम्हांला एका गोमंतकीय धर्मगुरूंची आठवण होते.

अडीचशे वर्षांपूर्वी हेच संकट त्यांच्यावर कोसळले होते. सांगतात ते असे. पोर्तुगालच्या राणीसमोर, दरबारातील सरदारांच्या व धर्माधिकाऱ्यांच्या भरगच्च सभेत, हा तरुण गोमंतकीय प्रवचनासाठी उभा राहिला आणि एकाएकी त्याची वाचा बसली. वडील जवळच बसले होते. ते हलक्या आवाजात कोंकणीत पुटपुटले. ही समोर बसलेली सारी मंडळी म्हणजे निव्वळ भाजी आहे असे समज, आणि ही भाजी कातर, असा त्या बोलांचा भाव होता. बाराबंदरी राजसभेत आपल्या घरच्या भाषेतले ते साधे शब्द कानी पडताच तरुणाची भीती मावळली व त्याचे प्रवचन ओघाने सुरू झाले. आमच्याही घरी कोंकणीच बोलली जाते. ही कथा आम्ही लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली, आणि तेव्हा ती केवळ हसण्यासारखी वाटली. त्या तरुणाच्या मनात मात्र तिने एक प्रश्न पेरला असावा. दोन शब्दांनी माणसाच्या शरीरात एवढा पालट कसा होतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध गेला. त्यांचे नाव जोझे कुस्तोदियो द फारिया. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखते. आबे ही फ्रेंच भाषेत धर्मगुरूला लावावयाची पदवी होय.

फारियांचा जन्म मे १७५६ मध्ये गोव्यातील बारदेश तालुक्यातील कांदोळी या गावी झाला. त्या वेळी पुण्यास नानासाहेब पेशवे राज्य करीत होते, गुजरातेत दमाजीराव गायकवाडांचा अंमल बसत होता आणि गोवा मात्र पोर्तुगिजांच्या हाती होता. वडील कायतानो व्हितोरिनो हे कोलवाळचे. त्यांचे घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मणांचे असून पूर्वीच ख्रिस्ती झालेले होते. मूल लहान असतानाच आईवडिलांनी परस्परांच्या संमतीने संसार सोडला. आई रोजा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली व वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. मुलगा वडिलांकडे राहिला.

फेब्रुवारी १७७१ मध्ये बापलेक गोव्याहून जहाजाने निघाले. केपला वळसा घालून ते लिस्बनला पोहोचले तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता. चौदा वर्षांच्या मुलाने नऊ महिने समुद्रावर काढले! पुढे शिक्षणासाठी त्याला रोम येथे पाठविण्यात आले. तेथे १७८० साली त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली व त्याच सुमारास ईश्वरशास्त्रातील पंडिताची पदवीही मिळाली. नंतर लिस्बनला परतल्यावर राजदरबारात दोघांचेही चांगले वजन पडले.

परंतु हे दिवस टिकले नाहीत. गोव्यातील देशी धर्मगुरूंना वरच्या जागा नाकारल्या जात. हा अन्याय असह्य होऊन १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आश्रयाने पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा कट झाला. कट फुटला, अनेकांना पकडण्यात आले व त्यांतील काहींना पणजीत देहांताची शिक्षा झाली. लिस्बनमध्ये संशयाची सुई थोरल्या फारियांकडे वळली. तेव्हा १७८८ साली पुत्राने पोर्तुगाल सोडून पॅरिस गाठले. पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. त्या धामधुमीत हा धर्मगुरूही ओढला गेला आणि १७९५ च्या पॅरिसमधील उठावात त्याने एका तुकडीचे नेतृत्व केले.

पॅरिसमध्ये त्या काळी एका विद्येचा मोठा बोलबाला होता. व्हिएन्नाहून १७७८ साली तेथे आलेल्या फ्रान्झ मेस्मर नामक वैद्याचे म्हणणे असे की, विश्वात एक अदृश्य द्रव भरलेला असून तो आपल्या हातांतून रोग्याच्या देहात वाहतो आणि त्याची व्याधी घालवितो. रोग्यांना झटके येत, कोणी रडत, कोणी हसत, आणि कित्येकांना खरोखरच बरे वाटे. १७८४ साली राजाने या विद्येच्या चौकशीसाठी मंडळ नेमले. त्यात रसायनशास्त्रज्ञ लावाझिए व अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते. मंडळाने काळजीपूर्वक प्रयोग करून निर्णय दिला की, असा द्रव मुळी नाहीच; जे घडते ते रोग्याच्या कल्पनेमुळे घडते. मंडळ येथेच थांबले. नुसती कल्पना देहावर एवढा अंमल कसा चालविते, हा खरा प्रश्न तसाच राहिला. त्याच वर्षी मेस्मरचे शिष्य मार्क्विस द प्युइसेग्युर यांच्या असे ध्यानात आले की, काही माणसे या उपायाने शांत, झोपेसारख्या अवस्थेत जातात आणि त्या अवस्थेत बोलतात व चालतातही. प्युइसेग्युर यांच्याशी फारियांचा परिचय झाला आणि त्यांना आपल्या आयुष्याचा विषय सापडला.

१८११ साली फारिया मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले व तेथील वैद्यक मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. पुढल्या वर्षी त्यांची बदली नीम येथे कमी दर्जाच्या जागेवर झाली. शेवटी ते पॅरिसला परतले आणि ११ ऑगस्ट १८१३ रोजी क्लिशी रस्त्यावरील एका घरात त्यांनी आपल्या विद्येची जाहीर व्याख्याने सुरू केली. प्रवेशमूल्य पाच फ्रँक होते. सावळ्या वर्णाचे, उंच बांध्याचे, परकी ढब असलेले फ्रेंच बोलणारे हे धर्मगुरू पाहण्यास पॅरिसचे फॅशनेबल लोक गर्दी करू लागले.

ते काय करीत? समोरच्या माणसाला खुर्चीत आरामात बसवीत, डोळे मिटावयास लावीत, मन झोपेच्या विचारावर एकाग्र करावयास सांगत, आणि मग खणखणीत आवाजात निजण्याची आज्ञा देत. काही जण तत्काळ त्या अवस्थेत जात. मग त्यांच्या सूचनेप्रमाणे साधे पाणी त्या माणसाला दुसऱ्याच पेयाच्या चवीचे लागे. हात उचलणार नाही असे सांगितले की हात जड होऊन पडे, आणि मोकळा झाला असे सांगितले की पुन्हा हालू लागे. लोहचुंबक नाही, मंतरलेले पाणी नाही, हातवारे नाहीत, केवळ शब्द.

याहूनही मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी या प्रयोगांचा लावलेला अर्थ. ही शक्ती माझी नव्हे, असे ते श्रोत्यांना निक्षून सांगत. निद्रा लावणारा केवळ निमित्त आहे; जे घडते ते निजणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडते; म्हणूनच सर्वांवर हा प्रयोग साधत नाही, काही थोड्यांवरच साधतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे सांगण्यात केवढा त्याग होता, याचा विचार करा. पूर्वेकडून आलेला, स्वतःला ब्राह्मण म्हणविणारा एक गूढ पुरुष, ही प्रतिमा पॅरिसच्या भोळ्या श्रीमंतांना किती भुरळ घालती! आपल्या हातांत दैवी सामर्थ्य आहे एवढे त्यांनी म्हटले असते, तर पैशांच्या राशी पडल्या असत्या. त्यांनी तसे म्हटले नाही.

सत्य बोलण्याचे मोल त्यांना द्यावे लागले. मेस्मरच्या अनुयायांचा द्रव त्यांनी खोटा ठरविला म्हणून ते अनुयायी रुष्ट झाले. काही धर्मगुरूंना या विद्येत सैतानाचा हात दिसला. एका नटाने निजल्याचे सोंग केले आणि भर सभेत डोळे उघडून त्यांची फजिती केली. १८१६ साली तर त्यांची टवाळी करणारे नाटकच रंगभूमीवर आले आणि सारे पॅरिस त्यांना हसले. श्रोते पांगले, मिळकत थांबली. उतारवयात एका आश्रमाचे धर्मगुरू म्हणून राहून त्यांनी आपले विचार लिहून काढले. प्रकाशमय निद्रेच्या कारणाविषयीच्या त्या ग्रंथाचा पहिला खंड १८१९ साली निघाला. पुढचे खंड कधी निघालेच नाहीत. २० सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये मेंदूच्या आघाताने त्यांचे निधन झाले. त्यांची कबर कोठे आहे, हेही आज दाखविता येत नाही.

येथे थोडे थांबून, ज्या इंद्रियात फारियांनी शब्दाचे सामर्थ्य शोधले आणि ज्याच्या आघाताने त्यांचा अंत झाला, त्या मेंदूकडे वळू. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम असते. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. वरचा सुरकुत्यांचा मोठा मेंदू विचार, स्मृती, संवेदना व हेतुपूर्वक हालचाल यांचे स्थान होय. मागच्या बाजूचा लहान मेंदू तोल व हालचालींतील मेळ राखतो. खालच्या देठासारख्या भागातून श्वासोच्छ्वास व हृदयाची गती यांवर नियंत्रण राहते. त्या देठापासून पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूपासून १२ आणि मज्जारज्जूपासून ३१ मज्जातंतूंच्या जोड्या निघून देहभर पसरतात.

आता व्यासपीठावर गोठलेला विद्यार्थी आठवा. मेंदूच्या आत खोलवर बदामाएवढे एक केंद्र आहे. संकट दिसताच ते इशारा देते; तो इशारा मज्जातंतूंवाटे हृदयाकडे, घर्मपिंडांकडे आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथींकडे जातो. हृदय धावू लागते, तोंड कोरडे पडते. श्रोत्यांचे डोळे हे वाघाचे डोळे नव्हेत, हे त्या केंद्राला कळत नाही. ते त्याला समजावून सांगावे लागते, आणि थोरल्या फारियांनी तेच केले. यात मज्जासंस्थेचा एकही तंतू तुटलेला नसतो. यंत्र शाबूत असते. आज्ञा तेवढी चुकलेली असते. फारियांच्या खुर्चीत ज्याचा हात जड होऊन पडे, त्याचीही गोष्ट अशीच. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर एखाद्याचा हात किंवा वाचा जाते आणि तपासणीत मेंदूला इजा आढळत नाही, अशा रोग्यांशीही हीच गोष्ट जुळते. ते रोगी ढोंग करीत नसतात. योग्य उपचारांनी त्यांतील पुष्कळ जण सुधारतात.

यंत्रच मोडते तेव्हा मात्र प्रकार निराळा. मेंदूची एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, आणि त्या भागातील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराच्या उजव्या बाजूवर व उजवा भाग डाव्या बाजूवर सत्ता चालवितो. म्हणून डावीकडे आघात झाला तर उजवे अंग लुळे पडते. फारियांच्या मृत्यूनंतर ४२ वर्षांनी, १८६१ साली, त्याच पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने लबोर्न्य नावाच्या एका रोग्याच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली. त्या रोग्याला अनेक वर्षे तान या एका अक्षरापलीकडे काही बोलता येत नव्हते, मात्र दुसऱ्याचे बोलणे त्याला बरेचसे समजत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढच्या भागात, ब्रोकांना इजा सापडली. वाचेचे एक केंद्र अशा रीतीने माणसाला प्रथम ठाऊक झाले. लबोर्न्यच्या कानात कोणी कितीही धीराचे शब्द सांगितले असते, तरी त्याची वाचा परतली नसती. हातापायांतील मज्जातंतू तुटला तर तो अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंना ही देणगी जवळजवळ नाही. मात्र शेजारचे शाबूत भाग सरावाने काही कामे उचलतात, म्हणून आघातानंतर व्यायाम व वाचासराव यांचे महत्त्व फार आहे.

फारियांच्या कीर्तीचे पुढे काय झाले? १८४३ साली इंग्लंडात जेम्स ब्रेड यांनी या अवस्थेला ग्रीक निद्रादेवतेवरून नवे नाव दिले; त्यालाच आपण संमोहन म्हणतो. फ्रान्समध्ये मोठा वाद माजला. पॅरिसचे मज्जारोगतज्ज्ञ शार्को म्हणत की, संमोहन हा दुबळ्या मज्जासंस्थेचा विकार आहे. नान्सी येथील लिएबो व बर्नहाइम म्हणत की, तो सूचनेचा परिणाम असून निरोगी माणसावरही होतो. शेवटी नान्सीकरांचा पक्ष खरा ठरला, आणि सूचनेच्या सिद्धान्ताचे पहिले श्रेय बर्नहाइम यांनी आबे फारियांना दिले. फारियांचे सारेच म्हणणे टिकले, असे मात्र नाही. ज्यांचे रक्त पातळ त्यांनाच अशी निद्रा लागते, हे त्यांचे मत चुकीचे ठरले. संमोहन ही नेहमीची झोपही नव्हे, हे मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या नोंदींवरून पुढे दिसून आले.

कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा यांनी १८४४ ते १८४६ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या गाजलेल्या कादंबरीत, काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टोमध्ये, फारिया नावाचा विद्वान बंदिवान रंगविला. त्याला झटके येतात, त्याचे एक अंग लुळे पडते आणि शेवटी अशाच झटक्याने तो मरतो. तो बंदिवान कल्पित आहे; नाव मात्र आपल्या कांदोळीकराचे. गोमंतकीय डॉक्टर दालगादो यांनी १९०६ साली खऱ्या फारियांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९२५ साली पोर्तुगालचे मज्जारोगतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. याच मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूतील रक्तवाहिन्यांची क्ष-किरणचित्रे घेण्याची रीत शोधली. मेंदूतील आघात ओळखण्यास तिचा आजवर उपयोग होत आला आहे. पुढे १९३५ साली त्यांनी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातील तंतू कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली व तिच्यासाठी १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु त्या शस्त्रक्रियेने अनेक रोग्यांची उमेद व स्वभाव हिरावून घेतला, आणि पुढे ती मागे पडली. शब्दाने मन हलविणाऱ्या माणसाचे चरित्र लिहिणाऱ्याने मन शांत करण्यासाठी शस्त्र उचलावे, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक खिन्न करणारी गोष्ट आहे.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियांचा पुतळा उभा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली बसविण्यात आला. झगा घातलेले फारिया हात पसरून उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री मोहनिद्रेत कलंडत आहे. सुट्टीत गोव्यास जाल तेव्हा तो अवश्य पाहा. पुतळा अत्यंत प्रभावी आहे. पण पाहणाऱ्याला वाटते की, सारी शक्ती त्या पसरलेल्या हातांतूनच वाहत आहे. नेमके हेच फारियांनी जन्मभर नाकारले होते! म्हणून पुतळ्याच्या हातांकडे पाहून झाले की त्या स्त्रीच्या मिटलेल्या डोळ्यांकडेही पाहा. जे काही घडत आहे ते तेथे घडत आहे.

या चरित्रापासून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. आपल्या वडोदऱ्यात काय किंवा कोंकणात काय, कोणाला फेपरे आले, कोणाचे अंग लुळे पडले की अंगात आले, बाहेरची बाधा झाली, असे म्हणून भगताकडे धाव घेणारी माणसे अजून आढळतात. घरातील कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, एक हात गळून पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर अंगारा-धुपाऱ्यात एक क्षणही दवडू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा व मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. पुढे ती संधी राहत नाही. जेथे यंत्र मोडले आहे तेथे शब्दाने भागत नाही.

आणि जेथे यंत्र शाबूत आहे, भीतीने तेवढे अडले आहे, तेथे दुसऱ्या कोणाच्या सामर्थ्याची वाट पाहू नका. तुम्हांला निजविणारा, उठविणारा, घाबरविणारा आणि धीर देणारा तुमच्याच मस्तकात बसलेला आहे. हे सांगण्यासाठी कांदोळीच्या एका मुलाने सात समुद्र ओलांडले व जगाची टवाळी सोसली. येत्या वक्तृत्वस्पर्धेत पहिल्या वाक्यानंतर जीभ अडली, तर क्षणभर थांबा, एक दीर्घ श्वास घ्या आणि त्या पित्याचे बोल आठवा. आम्ही परीक्षकाच्या खुर्चीवर असू. आम्हांलाही खुशाल भाजी समजा. आम्ही रागावणार नाही.